अझीम प्रेमजी: आमच्या अभ्यासिकेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत मी अभ्यासिका चालवतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो, पण खडू हातातून सुटला नाही. दर सोमवारी फळ्यावर एका माणसाचं नाव लिहितो आणि पोरं आठवडाभर त्याच्याबद्दल विचारतात. बाकीची नावं आठवड्यात आटोपली. प्रेमजींचं नाव मात्र तीन आठवडे पुसता आलं नाही. आधी पोरं आली, मग त्यांचे बाप आले, शेवटी पारावरचे आबाजीही काठी टेकत आले. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. प्रश्न ज्याच्या तोंडून जसे आले, तसेच ठेवलेत.

मास्तर, हा माणूस रोज २७ कोटी दान करते म्हनते. खरं होय का?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा आकडा खोटा नाही, शिळा आहे. एडेलगिव्ह आणि हुरुन या दोन संस्था मिळून दरवर्षी भारतातल्या दात्यांची यादी काढतात. २०२०-२१ या वर्षासाठी तीत प्रेमजींच्या नावापुढे ९,७१३ कोटी रुपये होते. त्याला ३६५ नं भागलं की दिवसाचे जवळपास २७ कोटी येतात. त्याच्या आदल्या वर्षी ७,९०४ कोटी होते, म्हणजे दिवसाला २२ कोटींच्या आसपास. २०२२ च्या यादीत मात्र एचसीएल या कॉम्प्युटर कंपनीचे शिव नाडर १,१६१ कोटींनी पहिले आले आणि प्रेमजी ४८४ कोटींवर होते. त्या वर्षाचा भागाकार कोणी केला नाही, कारण त्यात मेसेज पुढं ढकलण्यासारखं काही नव्हतं.

मी पोरांना सांगतो, रोजचा हिशेब सोडा. सकाळी उठून थैलीतून नोटा काढून वाटत बसणारा हा माणूस नव्हे. त्यानं जे दिलं ते चार-पाच मोठ्या घासांत दिलं, आणि कसं दिलं ते या आकड्यापेक्षा फार मजेशीर आहे. ते खाली येईलच.

हे आहेत तरी कोण?

जन्म २४ जुलै १९४५, मुंबई, गुजराती मुस्लिम कुटुंब. वडील महंमद हाशम प्रेमजी तांदळाचे मोठे व्यापारी. बर्मातल्या व्यापारामुळे लोक त्यांना तांदळाचे राजे म्हणत. त्याच वर्षी २९ डिसेंबरला वडिलांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' नावाची कंपनी नोंदवली. म्हणजे पोरगा कंपनीपेक्षा पाच महिन्यांनी मोठा. पुढं याच नावाचे तुकडे जोडून 'विप्रो' झालं, आज सॉफ्टवेअरसाठी ओळखली जाणारी कंपनी.

११ ऑगस्ट १९६६ ला वडील अचानक वारले. अझीम तेव्हा २१ वर्षांचा, अमेरिकेत स्टॅनफर्डला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकत होता. तो परत आला आणि तेलाची गिरणी हातात घेतली. २०१९ च्या जुलैअखेर त्यांनी विप्रोचं अध्यक्षपद सोडलं, तेव्हा त्या गोष्टीला ५३ वर्षं झाली होती. मधल्या काळात, १९९९ पासून काही वर्षं, ते भारतातले सगळ्यात श्रीमंत होते. पद्मभूषण २००५, पद्मविभूषण २०११. परीक्षेपुरतं एवढं पुरे.

अमळनेर म्हंजे आपल्या इकडचंच होय ना?

विदर्भातलं नाही, खानदेशातलं. जळगाव जिल्हा. सेवाग्रामहून गाडी धरली की बडनेरा, अकोला, भुसावळ, जळगाव आणि पुढं सुरतच्या लाईनवर अमळनेर. विप्रोची सुरुवात तिथल्या तेलगिरणीपासून झाली. साने गुरुजी तिथल्याच शाळेत शिकवायचे, आणि श्रीमंत प्रताप शेठ नावाच्या गिरणीमालकानं १९१६ मध्ये तिथं तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. कापडगिरणीच्या पैशातून तत्त्वज्ञानाची संस्था! म्हणजे धंद्याच्या पैशाचं पुढं काय करायचं, हा प्रश्न त्या गावाला प्रेमजींच्या आधीपासून ठाऊक होता.

२०२४ च्या फेब्रुवारीत मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरलं तेव्हा मी गेलो होतो. मंडपाबाहेर चहा पिताना टपरीवाल्या काकांना विप्रोबद्दल विचारलं. ते हसले. म्हणाले, "पुस्तकं घ्यायला आले का शेअर पाहायला?" गावातल्या कितीतरी घरांनी जुन्या काळी तेलगिरणीचे शेअर घेतले होते. ज्यांनी कागद पेटीत तसाच राहू दिला, त्यांची पुढची पिढी कोट्यधीश झाली. ज्यांनी लेकीच्या लग्नात विकला ते अजून हळहळतात. काकांच्या वडिलांनी विकला होता. ते सांगताना त्यांनी माझ्या कपात जास्तीचं आलं किसून टाकलं. का, कोण जाणे.

तेल काढनारा मानूस कॉम्प्युटरात कसा काय घुसला?

हा प्रश्न माझ्या आवडीचा. याचं उत्तर शेंगदाण्यापासून सुरू होतं.

अमळनेरची गिरणी वनस्पती तूप बनवायची. आपण ज्याला सरसकट डालडा म्हणतो तेच, फक्त यांच्या डब्यावर सूर्यफुलाचं नाव होतं. सोबत '७८७' नावाचा कपडे धुण्याचा साबण. गिरणीला शेंगदाणा लागायचा आणि खरेदी व्हायची ती जुन्या पद्धतीनं. खरेदीदार मूठभर दाणे हातात घ्यायचा, दाबायचा, एखादा चावून बघायचा आणि भाव बोलायचा. प्रेमजींनी ते बदललं असं सांगतात: नमुना घ्या, ओलावा मोजा, तेलाचा उतारा मोजा आणि त्यावर भाव ठरवा.

कापूस पिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मागच्या हंगामात मी ट्रॉली घेऊन एका खरेदीवाल्याकडं उभा होतो. नियम सगळ्यांना पाठ आहे. हमीभावाला ओलावा ८ टक्के, १२ पर्यंत असेल तर कपात, त्यावर घेत नाहीत. यंत्र टेबलावर ठेवलेलं होतं, प्लास्टिकची पिशवीही न काढलेलं. त्या माणसानं कोपरापर्यंत हात ढिगात खुपसला, बाहेर काढला, बोटं एकमेकांवर चोळली आणि म्हणाला, "ओला आहे." किती ओला? "ओला आहे ना जी." माझ्या मागं अठरा गाड्या होत्या. मी चिठ्ठी घेतली.

त्या पिशवीतल्या यंत्राची आणि प्रेमजींची गोष्ट एकच आहे. अंदाजाच्या जागी माप आणायचं. जो माणूस शेंगदाण्याचा ओलावा मोजायला लावतो, त्याला कॉम्प्युटर परका वाटत नाही.

आता इतिहास. १९७७ मध्ये जनता पक्षाचं सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले. विदेशी कंपन्यांनी भारतातला आपला हिस्सा कमी करावा हा आग्रह आयबीएम या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीला मानवला नाही आणि ती देश सोडून गेली. बाजारात मोठी पोकळी पडली. त्याच वर्षी इकडं कंपनीच्या नावातून 'व्हेजिटेबल' गेलं. १९८० च्या सुमारास विप्रोनं बंगळुरूत मिनिकॉम्प्युटर बनवायला घेतले. दारं बंद होती, बाहेरून माल येत नव्हता, म्हणून देशी कॉम्प्युटर खपले. १९९१ मध्ये दारं उघडली आणि तोच धंदा अडचणीत आला. तेव्हा यांनी यंत्रांपेक्षा यंत्रांसाठी लिहिण्याकडं, म्हणजे सॉफ्टवेअरकडं, जोर वळवला. २००० मध्ये विप्रोचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात लागले.

तेल-साबण त्यांनी सोडलं का? नाही. संतूर साबण त्यांच्याच घरचा, १९८५ च्या आसपासचा. आमच्या गावातल्या बायांना विप्रो म्हटलं की काही आठवत नाही, संतूर म्हटलं की "हो, तो पिवळा" म्हणतात.

कॉलेज अर्धं सोडूनबी मोठं होता येते, हे खरं ना सर?

हे विचारणारा पोरगा बारावीत आहे आणि त्याला रसायनशास्त्राचा कंटाळा आहे, हे मला माहीत आहे.

तर ऐक. त्यांनी कॉलेज कंटाळून सोडलं नाही, बाप गेला म्हणून सोडलं. दुसरं, परत आल्यावर त्यांना चालती गिरणी मिळाली. तुला तुझ्या बाबांची दोन एकर आणि सोसायटीचं कर्ज मिळेल. तिसरं, वारसानं आलेली खुर्चीसुद्धा मऊ नव्हती. पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकानं उभं राहून त्यांना तोंडावर सांगितलं की हा कारभार तुझ्या आवाक्यातला नाही, शेअर विकून टाक. आणि चौथं, तीसहून अधिक वर्षांनी, देशातल्या पहिल्या श्रीमंतांत नाव असताना, त्यांनी स्टॅनफर्डचे राहिलेले विषय पूर्ण करून पदवी घेतली. गरज काहीच नव्हती.

रसायनशास्त्राचं पुस्तक दुसऱ्या कपाटात आहे.

मुसलमान असून हे पाकिस्तानात कसे नाही गेले?

पारावरून आलेला प्रश्न. विचारणाऱ्यांचं वय पाहून राग आवरला.

फाळणीच्या वेळी जिनांनी अझीमच्या वडिलांना पाकिस्तानात येण्याचं आमंत्रण दिलं होतं, हे नोंदलेलं आहे. वडिलांनी नाही म्हटलं आणि इथंच राहिले. अझीम यांच्या संस्थेचा, अझीम प्रेमजी फाउंडेशनचा, पैसा ज्या सरकारी शाळांवर खर्च होतो, तिथं पटावर सगळ्यांचीच पोरं असतात. आबाजींनी यावर "बरं" म्हटलं आणि तंबाखू मळायला घेतली.

त्यायनं नेमकं देलं काय? रोख पैसा?

रोख नाही. मुख्यतः विप्रोतला आपला हिस्सा. इथं थोडं डोकं लावा.

२०१० च्या डिसेंबरात त्यांनी विप्रोचे सुमारे ८.७ टक्के शेअर एका ट्रस्टच्या नावे केले. किंमत तेव्हा ८,८४६ कोटी. २०१३ मध्ये आणखी १२ टक्के, सुमारे १२,३०० कोटींचे. २०१५ मध्ये आणखी १८ टक्क्यांचा लाभ. आणि २०१९ च्या मार्चमध्ये ३४ टक्क्यांचा, किंमत ५२,७५० कोटी. फाउंडेशनच्या तेव्हाच्या सांगण्याप्रमाणे विप्रोच्या ६७ टक्के मालकीतून येणारं उत्पन्न सेवाकार्याला बांधलं गेलं. हे धरून त्यांनी तोवर सेवाकार्याला दिलेल्या साऱ्याची किंमत सुमारे १,४५,००० कोटी रुपये होती.

उत्पन्न बांधलं म्हणजे काय? पोरांना मी सातबाऱ्यावर समजावतो. समज माझी तीन एकर आहे. काय पेरायचं, कधी विकायचं, गडी कोण ठेवायचा, हे मी ठरवणार. पण मी पक्क्या कागदावर लिहून दिलं की तीनपैकी दोन एकरांत जे पिकेल त्याचा पैसा शाळेचा, आणि हे लिहिलेलं मला उद्या फिरवता येणार नाही, माझ्या पोरालाही नाही. बारीकसारीक फरक सोडले तर प्रकार असाच आहे. विप्रोनं १०० रुपये लाभांश, म्हणजे नफ्यातला वाटा, दिला तर त्यातले ६७ या कामाला जातात. कंपनीनं स्वतःचे शेअर परत विकत घेतले तर तोही पैसा त्याच प्रमाणात तिकडं. पाऊस कमी झाला तर शाळेलाही कमी, हा त्यातला धोका.

आपल्याकडं दान म्हटलं की मंदिरातला पंखा. तिन्ही पात्यांवर नाव, "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ", आणि पंखा फिरला की नाव वाचता येत नाही म्हणून कळसाच्या दिवशी तो बंद ठेवायचा. पंखा जळाला की दान संपलं. यांनी पंखा दिला नाही, विजेचं बिल कायमचं उचललं.

आनं कायले देलं इतकं? पोरायले नाही ठेवलं?

दोन पोरं आहेत, रिशद आणि तारिक. उपाशी नाहीत. रिशद २०१९ पासून विप्रोचे अध्यक्ष आहेत. ६७ गेले तरी उरलेल्या तुकड्यावर काही पिढ्या आरामात बसतील, तेव्हा त्यांच्या पोरांची चिंता आपण करू नये.

का दिलं, याची त्यांनी स्वतः दोन कारणं सांगितली आहेत. एक आई. गुलबानू प्रेमजी डॉक्टर होत्या आणि मुंबईत हाजीअलीजवळच्या, अपंग मुलांच्या हाडांच्या रुग्णालयाला त्यांनी जन्म दिला. घरात पैसा असताना आई त्या मुलांसाठी देणग्या गोळा करत फिरते, सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवते, हे पोरगा पाहत होता.

दुसरं कारण गांधी. हे आमच्या पोरांना खरं वाटत नाही, कारण गांधी म्हणजे त्यांच्यासाठी सेवाग्रामची सहल आणि बापूकुटीसमोर काढलेला फोटो. पण श्रीमंतानं संपत्तीचा मालक नव्हे, विश्वस्त म्हणून वागावं, हा गांधींचा विचार आपल्या जिल्ह्यात नुसता बोलला गेला नाही, करूनही पाहिला गेला. वर्ध्याचे जमनालाल बजाज व्यापारी होते. गांधींना त्यांनी इथं आणलं, शेगावची जमीन दिली, आणि १९३६ मध्ये गांधी तिथं राहायला आले. चार वर्षांनी गावाचं नाव सेवाग्राम झालं. १९२८ मध्ये जमनालालजींनी आपल्या कुटुंबाचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं.

मग पवनारचे विनोबा. १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदान सुरू झालं, शंभर एकर एका माणसानं उभ्या सभेत दिली. पुढं देशभर लाखो एकर जमा झाली. त्यातली बरीच दगडगोट्यांची निघाली, कुठं ताबा मिळाला नाही, कुठं दात्याच्या नातवानं दावा लावला. भूदानाची म्हणून ओळखली जाणारी जमीन आणि तिचे तंटे विदर्भात अजून ऐकू येतात. विनोबांची नियत तपासायची माझी लायकी नाही. पण देताना सभा भरते आणि दिल्यावर तलाठ्याकडं कोणी जात नाही, हे मी डोळ्यानं पाहिलंय. प्रेमजींच्या दानात मला सगळ्यात जास्त भावतो तो हाच तलाठ्याचा भाग. आधी कागद पक्का, मग बातमी.

बिल गेट्स आणि वॉरन बफे यांनी २०१० मध्ये निम्म्याहून जास्त संपत्ती देण्याची जी प्रतिज्ञा सुरू केली, तिच्यावर सही करणारे पहिले भारतीयही हेच, २०१३ मध्ये.

तो पैसा जाते कोठं मंग?

बहुतेक शिक्षणात. २००१ च्या सुमारास अझीम प्रेमजी फाउंडेशनचं काम सुरू झालं. कर्नाटक, राजस्थान, उत्तराखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश अशा राज्यांतल्या जिल्ह्यांत त्यांची माणसं बसलेली आहेत. २०१० मध्ये बंगळुरूत विद्यापीठ निघालं, २०२३ मध्ये भोपाळला दुसरं. शिवाय आरोग्य, पोषण वगैरेंत काम करणाऱ्या इतर संस्थांना ते अनुदान देतात.

शिक्षक म्हणून मला त्यांच्या सुरुवातीच्या चुकीबद्दल जास्त बोलायचंय. कॉम्प्युटरवाला माणूस, म्हणून पहिल्या काही वर्षांत त्यांनी शाळांत कॉम्प्युटरवरून शिकवण्याचा प्रयोग केला, सीड्या बनवल्या. काही वर्षांत त्यांना उमगलं की यंत्रानं शाळा सुधारत नाही. मग सगळं वजन त्यांनी शिक्षकावर टाकलं: प्रशिक्षण, शिक्षकांची केंद्रं, संध्याकाळी शिक्षकांनी स्वतःहून जमून विषयावर बोलायचे गट. संस्थेचे प्रमुख अनुराग बेहार यांनी तंत्रज्ञानाच्या मर्यादांबद्दल जाहीरपणे लिहिलंही आहे. सॉफ्टवेअर विकून मोठ्या झालेल्या माणसाच्या संस्थेनं हे म्हणणं सोपं नाही.

मी एका शाळेत होतो तिथं चार कॉम्प्युटर आले होते. खोलीला कुलूप, चावी मुख्याध्यापकांच्या खिशात, कॉम्प्युटरवर फुलाफुलांची चादर. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला चादर झटकायची. तीन वर्षांनी तपासणी आली म्हणून मी एक डबा उघडला तर आत पालीची अंडी, पांढरी, हरभऱ्याएवढी, पंख्याच्या जाळीला चिकटलेली. वीज दिवसा नव्हतीच. त्या चार यंत्रांच्या पैशात एखाद्या बाईंना भागाकार कसा शिकवायचा हे कोणी सोबत बसून दाखवलं असतं, तर पाचवीची पोरं सातवीपर्यंत हातच्याला अडकली नसती.

अजून एक. २०२४ मध्ये कर्नाटकातल्या शाळांत अंडी आठवड्यातून दोनच दिवस मिळत होती. ती सहा दिवस मिळावीत म्हणून फाउंडेशननं तीन वर्षांसाठी सुमारे १,५०० कोटी देण्याचा करार केला. आपल्याकडं २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारनं त्याचा निधी थांबवला. हे ऐकून पाचवीतली एक पोट्टी म्हणाली, "सर, कर्नाटक कोन्या बाजूला हाय?"

आपल्या गावाले काई भेटन का? अर्ज कोठं करा लागते?

सभामंडप, प्रवेशद्वार, वैयक्तिक कर्जमाफी यासाठी नाही. कृपा करून माझ्याकडं कागद आणू नका, आतापर्यंत सात जणांनी आणले.

मुलींच्या बाबतीत मात्र कान द्या. अझीम प्रेमजी शिष्यवृत्ती नावाची योजना आहे. दहावी आणि बारावी सरकारी शाळेतून झालेल्या आणि कॉलेजात पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलींना शिक्षण पूर्ण होईपर्यंत वर्षाला ३०,००० रुपये. ती ठरावीक राज्यांतून शिकलेल्यांसाठी आहे. यादी फाउंडेशनच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असते, दरवर्षी तिथंच पाहायची. लग्न होऊन किंवा शिकायला म्हणून सीमेपलीकडून आपल्याकडं आलेल्या मुलींनी तर आधी पाहावी. अर्ज फुकट आहे. "माझी तिथं ओळख आहे" म्हणून पाचशे मागणारा माणूस दारात आला तर त्याला पाणीही विचारू नका.

थे लय चिक्कट आहेत म्हनते?

विमानात साध्या वर्गाचं तिकीट काढतात, वर्षानुवर्षं जुनी गाडी वापरली, कचेरीतले दिवे विझवायला सांगतात. आमच्या गावात याला चिकट म्हणत नाहीत, संसारी म्हणतात. निदान म्हणायचे.

एवढं मोठं नाव आहे तर काई वाईट नाहीच का?

हे विचारणाऱ्या मुलीनं नाव टाकू नका म्हटलं, म्हणून टाकलं नाही. असो. प्रश्न चांगला आहे.

पहिलं म्हणजे, उत्पन्न दिलं तरी कंपनीचा कासरा घराण्याकडंच आहे. मतांचा अधिकार आणि उत्पन्नाचा अधिकार या दोन गोष्टी आहेत, माझ्या तीन एकरांसारख्याच. दुसरं, देशातल्या कोणत्या जिल्ह्यातल्या शाळेकडं आधी बघायचं हे एका खाजगी संस्थेनं ठरवावं का? आमदाराला मत देऊन पाडता येतं, दात्याला नाही. फाउंडेशन सरकारी शाळा बाजूला सारत नाही, तिच्यासोबत काम करते, म्हणून मला हा आक्षेप त्यांच्याबाबत जरा कमी टोचतो. टोचतच नाही असं नाही. तिसरं, विप्रोनं २०२३ मध्ये नव्या मुलांना आधी साडेसहा लाखांचा देकार देऊन नंतर साडेतीन लाखांवर या म्हटलं, तेव्हा वर्तमानपत्रांत बरीच ओरड झाली होती. प्रेमजी तेव्हा निवृत्त होते, पण ६७ टक्क्यांचा पैसा शेवटी त्याच कंपनीच्या नफ्यातून येतो, आणि नफा खर्च कापूनही वाढतो. दानाचा उगम पाहू नये असं आपल्यात म्हणत नाहीत, नदीचा आणि ऋषीचा पाहू नये म्हणतात.

आपल्या विदर्भात असा कोनी झाला का?

झाले. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण, खाणींच्या धंद्यातले. १९३० मध्ये वारले आणि संपत्तीचा मोठा वाटा नागपूर विद्यापीठाला देऊन गेले, तंत्रशिक्षणासाठी. त्यातून १९४२ मध्ये नागपुरात लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. आपल्या भागातल्या तेल आणि रंगाच्या कारखान्यांत 'एलआयटी'चा इंजिनिअर म्हटलं की वेगळा मान असतो. त्या कॉलेजातून शिकून आलेल्या एकाला मी विचारलं, लक्ष्मीनारायण कोण? म्हणाला, "देव असेल सर, लक्ष्मी आणि नारायण."

आणि खिशात दमडी नसलेले दातेही इथलेच. शेंडगावचे गाडगेबाबा. लाखोंच्या धर्मशाळा बांधल्या, ट्रस्ट केले, आणि स्वतः झाडाखाली निजले. त्यांच्याकडं शेअर नव्हते, पण कागद पक्का करायची अक्कल तीच.

माझ्या पोराले विप्रोत लावून देता का?

नाही जी. पण त्याला इंग्रजीच्या वर्गाला पाठवा, मंगळवार आणि शुक्रवार.

अभ्यासिका कधी उघडी असते?

सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते १०. पोळा आणि तान्हा पोळा, दोन्ही दिवस बंद. चावी समोरच्या किराणा दुकानात. वीज गेली तर इन्व्हर्टर दोन तास चालतो, त्यावर मोबाइल लावू नये. पंखा द्यायची दोन जणांची इच्छा आहे. पंखे आहेत, बॅटरीचं पाणी संपलंय.